बैलाचे दात पाहता, घरच्यांचे कधी पाहणार?

शेतकरी बंधूंनो, नेकनूरच्या नाहीतर हिरापूरच्या बाजारात बैल घ्यायला गेलात, तर पहिलं काम काय करता? जबडा उघडून दात बघता. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. शाळेची पायरी न चढलेला म्हातारासुद्धा हे झटक्यात सांगतो. दात झिजले की वैरण नीट चावली जात नाही, जनावर खंगतं, आणि त्यावर भाव ठरतो. मग घरातला चाळिशीच्या आतला माणूस दोन दाढा गमावून एका बाजूने भाकरी चघळतो, त्याची कुणालाच कशी फिकीर नाही?

मी शेतीखात्याचा माणूस, दाताचा डॉक्टर नव्हे. पण धारूर, वडवणी, शिरूर, पाटोदा, आष्टी या डोंगरपट्ट्यातल्या गावांत बैठक घ्यायला बसलं की समोरच्या माणसांच्या तोंडाकडे लक्ष जातंच. बाया मिश्रीने दात घासतात, म्हणजे दिवसातून दोन-तीन वेळा हिरडीला जळकी तंबाखू चोळतात. गड्यांच्या गालात तंबाखू-चुना. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

त्यातून दिवाळीच्या आसपास कोयते उचलून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या उन्हाळ्यातच परततात. फडात दाढ ठणकली तर करायचं काय? एक दिवस घरी बसलं की खाडा. मग मेडिकलवरची गोळी, दाढेत लवंग, गोळीने भागेना तेव्हा बाजारच्या दिवशी जाऊन दाढ उपटून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात. दुरुस्तीला चार खेपा लागतात, काढून टाकायला एक, म्हणून काढणं स्वस्त. याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या प्रकरणात 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. दाढ आणि पिशवी यांची बरोबरी मी करत नाही. पण खाड्याच्या भीतीने अवयव ‘काढून मोकळं व्हायचं’, हा हिशेब दोन्हीकडे तोच दिसतो.

किडलेली प्रत्येक दाढ काढावी लागत नाही. मूळ शाबूत असेल तर आतली सडलेली नस काढून पोकळी भरतात, त्याला रूट कॅनल म्हणतात. अशी दाढ ठिसूळ होते. तिच्यावर कॅप बसवली नाही तर एखाद्या दिवशी हुरड्यातल्या खड्यानेही ती उभी चिरते. दुखणं थांबलं म्हणून कॅपवाचून परत येणारे पुष्कळ. विहीर खोदून कठडा न बांधण्यासारखंच ते.

दाढ गेलीच असेल तर ब्रिज. दोन्ही बाजूंचे दात थोडे घासून त्यांच्यावर कॅप चढवतात आणि मधला खोटा दात त्यांनाच जोडलेला असतो. मोकळी जागा तशीच ठेवली तर शेजारचे दात तिकडे कलतात, समोरचा दात लांबतो, चावा बिघडतो. मात्र ब्रिजचा भार शेजाऱ्यांवर पडतो. तेच हलत असतील, हिरड्यांतून पू येत असेल, तर आधी हिरडीचा इलाज. नाहीतर ब्रिजबरोबर ते दोन दातही जातील. अक्कलदाढ गेली तर सहसा काही बसवायची गरज नसते. दात बरेच गेले असतील तर काढता-घालता येणारी कवळी स्वस्त पडते.

कॅप कशाची घ्यायची? पुढच्या दाताला दातासारख्या रंगाची ठीक. मागच्या दाढेला निव्वळ धातूची मजबूत असते, तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो आणि पैसेही कमी पडतात. मागची दाढ कोण बघायला येतंय!

दोन गैरसमज गावोगाव ऐकू येतात. वरची दाढ काढली की नजर जाते, हे खोटं. दात साफ केले की हलायला लागतात, हेही खोटं. हिरडी आधीच सुटलेली असते, वरचा थर निघाला की ते कळतं एवढंच. आणि बाजारात सतरंजीवर बसून तारेने, मसाल्याने शेजारच्या दातांना खोटा दात चिकटवणाऱ्यांपासून लांब राहा. त्याखाली अन्न कुजतं आणि चांगले दात सडतात. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणीवाचून हा धंदा करता येत नाही. बियाण्याची पिशवी घेताना पक्की पावती मागता ना? तसं इथे भिंतीवरचं नोंदणीपत्र बघा आणि कॅप कशाची आहे ते पावतीवर लिहून घ्या.

आता वेळेचं गणित. काढलेल्या दाढेची जागा भरून यायला साधारण दोन-तीन महिने जातात, त्यानंतर ब्रिज. म्हणजे टोळी परतल्यावर वैशाखात दाढ काढली तर पोळ्यापर्यंत जागा भरते आणि घटस्थापनेच्या आत ब्रिज बसतो. उचल हातात येते तीही याच दिवसांत. ती लग्नात, देण्यात जाते हे मान्य, पण दाताचा विचार त्या वेळी निदान निघावा तरी.

सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना, माझं सांगणं वेगळं आहे. ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रांसाठी याद्या तुम्हीच करता. त्याच यादीवरून 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी गावात एक दंततपासणी लावा. जिल्हा रुग्णालयाला पत्र द्या, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाला द्या. कॅप-ब्रिजच्या मोठ्या कामासाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे खेपा घालाव्या लागतात, म्हणून पाच-दहा जणांना एकाच जीपमध्ये धाडलं तर भाडं परवडेल. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, कारखानेही आहेत. टोळी निघण्याआधी दाढ दुरुस्त करून देण्याचा खर्च त्यांनी उचलावा, असा ठराव त्याच ग्रामसभेत घ्यायला काय हरकत आहे? ठरावाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडेही पाठवा, आणि पोच घ्यायला विसरू नका.