जुना नट, नवी पिन

श्रावण सरत आला असता एके सकाळी मामांचा फोन आला. "आरं, पुण्यात एखादा जुना नट मिळंल का बघ की. हितं कऱ्हाडात कुठंच घावंना."

मी मराठीचा अध्यापक, त्यातून महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाचा प्रमुख! क्षणार्धात तीन-चार जुने नट माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. गावच्या गणपतीत नाटक बसवायचे असेल, असे समजून मी विचारले, "मामा, नायकाच्या कामाला हवा की म्हाताऱ्याच्या?"

"आरं, फारगोच्या म्होरल्या चाकाला!"

या सदरातून मी वर्षभर शब्दांच्या खोड्या सांगत असतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्या दिवशी शब्दाने माझीच खोडी काढली. आमच्या सौभाग्यवतींना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. घरात एक नट आहे, तेवढा पुरे."

मामांची फारगो म्हणजे माझ्या आजोळचे एक वडीलधारे माणूसच. शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लरच्या सहकार्याने ज्या मालमोटारी बांधल्या, त्यांपैकी ही एक. तिने एके काळी गूळ वाहिला, ऊस वाहिला. आता ती वर्षभर छपराखाली उभी असते आणि अनंत चतुर्दशीला गल्लीच्या गणपतीला घेऊन नदीच्या घाटापर्यंत जाते. मागे पाटावर गणपती आणि त्याच्याभोवती गल्लीतली वीस-पंचवीस पोरे. यंदा त्यांत माझी कन्याही बसायची होती.

गणपतीपूर्वी चाके खोलून ग्रीस भरायचे, हा मामांचा दरवर्षीचा शिरस्ता. डाव्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात, ही क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांची खोड. ती नव्या पोऱ्याला माहीत नव्हती. त्याने अर्धा तास ते सोडवण्याऐवजी आवळलेच! मग त्रागा करून त्याने आतल्या मोठ्या नटावरही छन्नी-हातोडा चालवला. हा आतला नट म्हणजे हबचा. आसाच्या टोकावर तो बसतो आणि बेअरिंगांसह सारे चाक जागेवर धरून ठेवतो. तो ठोकून खराब झाला, असे सर्वांचे मत पडले. दोन दिवसांनी एस. टी.च्या पार्सलने नमुन्याचा नट माझ्याकडे आला. तेलकट कागदाच्या पुडीत त्याच्या सोबतीला एक वाकडा खिळाही होता. पुडी बांधताना चुकून आला असावा, असे मी समजलो.

रविवारी मी जुन्या बाजारात गेलो. लोखंडाच्या ढिगाऱ्यासमोर उकिडवा बसून तासभर नट उचकले. शेवटी अगदी जुळा भाऊ शोभेल असा एक मिळाला. विजयी मुद्रेने तो घेऊन मी नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या एका दुकानात गेलो. म्हटले, एकदा जाणत्याच्या नजरेखालून घालावा. गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थांनी कंगव्यासारखी दातेरी पट्टी काढून दोन्ही नटांच्या आट्यांना लावून पाहिली आणि माझा नट बाजूला सारला.

"मास्तर, हा मिलिमीटरचा. तुमची गाडी इंचाची."

आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. पण अमेरिकन वळणाच्या गाड्या पुढेही इंचाच्याच भाषेत बोलत राहिल्या. इंचाच्या पद्धतीत एका इंचात, म्हणजे २५.४ मिलिमीटरांत, आटे किती ते मोजतात. मेट्रिकमध्ये एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजतात. दिसायला नट सारखे, पण चाल निराळी. असा परका नट दोन आटे गोडीने जातो, तिसऱ्याला अडतो, आणि जोर केला तर आसाचेही आटे कातरतो. मग नट राहिला बाजूला, आसच बदलावा लागतो.

"मग इंचाचा द्या," मी म्हणालो.

त्यांनी मामांचा नट रॉकेलमध्ये बुडवून ब्रशाने घासला आणि उजेडात फिरवून पाहिला. "कशाला? हा काय मेलेला नाही. दोन कोपरे चेचलेत, पण पाना धरतो अजून. आतले आटे स्वच्छ आहेत. बसायची बाजू सपाट आहे. पिनेच्या खाचांना तडा नाही. हातानं शेवटपर्यंत फिरला आणि डुगडुगला नाही, तर खुशाल वापरा. आटे गेलेले असते, खाच तुटलेली असती, तर मीच फेकला असता." मग पुडीतला खिळा चिमटीत धरून त्यांनी विचारले, "आणि हे काय?"

मी आपला गप्प.

"स्प्लिट पिनेच्या जागी घातला होता वाटतं. या गाडीवर काय वाहता?"

"गणपती," मी म्हणालो. आणि मग जरा थांबून, "आणि पोरं."

गृहस्थ काही बोलले नाहीत. नटाच्या खाचांतून आणि आसाच्या भोकातून जी पिन आरपार जाते, तिच्यामुळे नट मागे फिरत नाही. तिचे दोन्ही पाय फाकवून वाकवले की ती जागची हलत नाही. खिळ्याला फाकवायला पाय नाहीत. धक्क्याधक्क्याने तो केव्हा गळेल, याचा नेम नाही. तो गळला की नट सैल होणार, आणि नट निघाला की चाक निघणार. घाटाचा उतार माझ्या डोळ्यांपुढे आला. किती वर्षे तो खिळा तिथे होता, देव जाणे!

त्यांनी मापाच्या चार पिना कागदात बांधून दिल्या. "नट जुना चालतो. पिन एकदा वाकवली की संपली. दर वेळी नवी."

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी मी स्वतः आजोळी गेलो. मामा खिळ्याचे ऐकून हसले. "इतकी वर्सं चाललंच की!" मी म्हणालो, "मामा, यंदा माझी पोर बसणार आहे." त्यावर ते एकदम गंभीर झाले. त्यांची स्वतःची नातवंडे दरवर्षी बसत होती. पण माणसाला आपला धोका दिसत नाही, पाहुण्याचा दिसतो.

मामांनी स्वतः नट हाताने फिरवून पाहिला. आत जिभेची वायसर नीट बसवली. तिची जीभ आसाच्या खाचेत अडकते, म्हणून चाकाचे फिरणे नटापर्यंत पोचत नाही. मग एक जण चाक फिरवीत राहिला आणि मामा नट आवळत गेले. चाक जड झाल्यावर त्यांनी नट किंचित मागे घेतला, खाच भोकासमोर आणली आणि नवी पिन घातली. फार आवळला तर बेअरिंग तापून जळते, सैल ठेवला तर चाक डुलते. चाक खालीवर धरून हलवले, डुलले नाही.

दुसऱ्या दिवशी सारा गाव गणपतीकडे पाहत होता आणि मी डाव्या चाकाकडे. घाटावर गाडी थांबताच मी हबवर तळहात ठेवला. कोमट होता, ताप आलेला नव्हता. वर माझी कन्या घसा फोडून "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणत होती. त्या दिवशी ते मीही मनापासून म्हणालो.

निघताना मी तो खिळा मामांपुढे टाकला. त्यांनी तो दगडावर ठोकून सरळ केला, ओसरीच्या भिंतीत मारला आणि त्यावर कॅलेंडर टांगले. "घे," म्हणाले, "ह्योबी वाया न्हाई गेला."