स्पॅरिंग म्हणजे फायनल नव्हे!

कोल्हापुरात राहून बॉक्सिंग? घरचे विचारतात, 'तालमी कमी पडल्या का?' पण स्पॅरिंगचा फंडा मला तालमीतच सापडला. वस्तादांसमोर पठ्ठे सरावाची कुस्ती करतात ती जिंकायला नाही, डाव बसवायला.

आमच्याकडे मात्र ऑफिसचं सगळं टेन्शन पार्टनरच्या नाकावर निघतं! म्हणून माझा नियम : तीन मिनिटांच्या एका राउंडला एकच काम. पहिल्यात फक्त जॅब, आणि मारलेला हात लगेच हनुवटीशी परत. दुसऱ्यात सरळ मागे हटायचं नाही, बाजूला सरकायचं. तिसऱ्यात समोरच्याची सवय ओळखायची, मग उत्तर द्यायचं. ताकद निम्मीच, हेडगार्ड असलं तरी मेंदूला धक्का बसतोच.

आणि मार बसला तर इगो दुखवून घेऊ नका. इथल्याच राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव मातीत तयार झालेले. १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरले, सहावे आले. १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले. मधली चार वर्षं सरावाचीच होती, भावा!