सुट्टी बापाची, हजेरी पोराची

बेळगावात राहून मिल्ट्री ठाऊक नाही असा माणूस मिळणार नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं १९२२ पासून आहे. सकाळी कॅम्पातून बस गेली की रस्त्याकडेला पळणारे रिक्रूट दिसतात. भरती असली की खानापूर, चंदगड, गडहिंग्लज भागातली पोरं आदल्या रात्रीच येऊन फुटपाथवर झोपतात. गावच्या जत्रेला फौजी सुट्टीवर आला तर त्याला मान असतो. आपल्या कॉलेजातही २६ जानेवारीला माजी सैनिकांचा सत्कार होतो, सकाळच्या प्रार्थनेत सीमेवरच्या जवानांची आठवण काढली जाते. हे सगळं चांगलंच आहे.

पण आपल्या कॉलेजात किती जणांचे वडील आज लष्करात आहेत, हे ऑफिसात विचारून बघा. आकडा मिळणार नाही. प्रवेश अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना असतो. तिथं आम्ही 'नोकरी' लिहितो आणि विषय तिथंच संपतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की जवानांच्या मुलांसाठी देशात ज्या सोयी आहेत त्या बऱ्याचशा बारावीपर्यंत आणि कॅम्पाच्या कंपाउंडपर्यंत पोचतात. गावाकडून बसनं कॉलेजला येणाऱ्या मुलापर्यंत त्या पोचत नाहीत. ही मधली जागा कॉलेज भरू शकतं, आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही.

माझे बाबा नायब सुभेदार आहेत, अजून नोकरीत आहेत. म्हणून हा विषय मला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

आधी सोयींबद्दल बोलते, कारण काहीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. १९६३ साली केंद्र सरकारनं २० रेजिमेंटल शाळा आपल्याकडे घेतल्या आणि त्यातून आजची केंद्रीय विद्यालयं उभी राहिली. बदली झालेल्या माणसाच्या मुलाला देशात कुठंही तेच पुस्तक, तोच धडा मिळावा, हा त्यामागचा विचार. तो किती मोलाचा आहे हे मला माहीत आहे. सातवीपर्यंत माझ्या तीन शाळा झाल्या, पण गणिताचं पुस्तक एकदाही बदललं नाही. १९८३ मध्ये आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिच्या आर्मी पब्लिक स्कूल आहेत. जवानांच्या पत्नींची 'आवा' ही संघटना १९६६ पासून काम करते, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी 'आशा' शाळा चालवते. आपल्या बेळगावात तर राष्ट्रीय मिलिटरी स्कूलच आहे.

आता पैशाचं बघू. नोकरीतल्या जवानाला मुलांच्या शिक्षणासाठी भत्ता मिळतो. जानेवारी २०२४ पासून तो दर मुलामागं महिना २,८१२ रुपये ५० पैसे आहे, दोन मुलांपर्यंत. पण तो बारावीपर्यंतच. पुढं पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. त्यात मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात. पण ती माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या मुलांसाठी आहे, नोकरीत असलेल्यांच्या नाही. शिवाय ती इंजिनिअरिंग, मेडिकल, बी.एड., बीसीए अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना मिळते. साध्या बी.ए.ला नाही. केंद्रीय सैनिक बोर्डाचं शिक्षण अनुदान पदवीपर्यंत मिळतं, १ नोव्हेंबर २०२५ पासून ते महिना १,००० वरून २,००० रुपये झालं. पण तेही हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या मुलांना आणि वीरपत्नींच्या मुलांना.

या तीन ओळी एकाखाली एक लिहून बघा. वडील नोकरीत आहेत आणि मूल बी.ए. शिकतंय, तर तिन्हीकडं नाव बसत नाही. आपल्या मराठी विभागात बसलेली जवानाची पोरं नेमकी याच फटीत आहेत. पलटणीच्या, कल्याण संस्थांच्या वेगळ्या शिष्यवृत्त्या असतात. पण त्या आहेत हे सांगायला कुणीतरी लागतं. कॅम्पात क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला शेजारी सांगतो. माझ्या गावात कोण सांगणार?

कारण बहुतेक जवानांची कुटुंबं कॅम्पात राहतच नाहीत. फिल्ड पोस्टिंगला कुटुंब नेता येत नाही. पीस स्टेशन मिळालं तरी क्वार्टर लगेच मिळेल असं नाही. आणि क्वार्टर मिळालं तरी गावी आजी-आजोबा असतात, जमीन असते, म्हशी असतात. मग आई मुलांना घेऊन गावी राहते. घरात जो मोठा असेल, मुलगा असो की मुलगी, तो पंधरा-सोळाव्या वर्षीच निम्मा कर्ता होतो. बँकेत जायचं, लाइटबिल भरायचं, आजोबांना सिव्हिलला दाखवायला आणायचं, काजूवाल्याशी हिशोब करायचा. बाबांचा फोन रेंज असेल तेव्हा येतो आणि विचारपूस ठरलेली असते. "आई बरी हाय काय? शेताकडं गेलतीस काय? आजोबांच्या गोळ्या संपल्या न्हाईत न्हवं?" अभ्यासाचं शेवटी विचारतात, तोवर रेंज जाते. मी तक्रार करत नाही. दिवसाचे दोन-तीन तास असे जातात आणि ते वेळापत्रकात कुठंच दिसत नाहीत, एवढंच सांगते.

आणि मग असे दिवस येतात जे कुणालाच दिसत नाहीत. ७ ते १० मे २०२५ हे चार दिवस आठवा. सगळ्यांनी टीव्ही पाहिला, आम्हीही पाहिला. चॅनेलवाले बातमीमागं सायरन वाजवत होते. शेवटी तो आवाज वापरू नका, असं सरकारला त्यांना सांगावं लागलं. आमच्या घरात त्या दिवसांत बाबांचा फोन लागत नव्हता. आईनं टीव्ही बंद केला की आजी चालू करायची. मोबाइलवर स्टेटस ठेवणाऱ्या मैत्रिणींना माझे बाबा कुठं आहेत हे माहीत नव्हतं, आणि सांगावं असं मलाही वाटलं नाही. त्या आठवड्यात कॉलेजातल्या एका तरी शिक्षकाकडं नावांची यादी असती आणि त्यांनी एकदा विचारलं असतं, तर बरं वाटलं असतं. त्याला कुठली योजना लागत नाही.

आता हजेरीचा प्रश्न. सध्या तरी तोच सगळ्यात जास्त अडतो.

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते. हा कागदावरचा हिशोब झाला. ती कधी मिळेल हे पलटण ठरवते, आणि मिळालेली रजा रद्दही होते. जम्मूहून बेळगावला रेल्वेनं यायचं तर जाता-येता चार-पाच दिवस गाडीतच जातात. बाबा गणपतीला येणार म्हणतात आणि नोव्हेंबरात येतात. तेव्हा आमच्या अंतर्गत परीक्षा असतात, असाइनमेंट असतात. पहिले आठ दिवस ते घरात पाहुण्यासारखे असतात. मग हळूहळू घरातल्या गोष्टींत लक्ष घालतात, थोडी भांडणं होतात, मग कुठं गाडी रुळावर येते आणि परत जायचा दिवस उगवतो. या दिवसांत वर्षभराची कामं उरकायची असतात. जमिनीच्या उताऱ्यावर सही, बहिणीचं स्थळ बघणं, आजीचं ऑपरेशन. मी घरी राहिले नाही तर वर्षातून एकदा भेटणाऱ्या माणसाशी बोलायचं कधी?

गेल्या सत्रात माझी हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली. खरं कारण लिहून अर्ज दिला. वडील सुट्टीवर येणं हे कारण नियमात बसत नाही, असं उत्तर मिळालं. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, मग बघू. मी दंड भरला. माझ्यासारख्याच एका मुलानं गावच्या डॉक्टरकडून टायफॉइडचं सर्टिफिकेट आणलं आणि तो सुटला. त्याला मी नावं ठेवत नाही. पण ज्या कॉलेजात रोज सत्याबद्दल दोन शब्द सांगून दिवस सुरू होतो, तिथला नियम मुलाला खोटा कागद आणायला शिकवत असेल, तर तो नियम बदलायला हवा. एनसीसी कॅम्पला गेलेल्या मुलाची हजेरी धरतात. देशसेवेची तालीम चालते, मग प्रत्यक्ष नोकरीवरून आलेल्या बापाला भेटणं का चालू नये?

हे काही मी नवीन मागत नाही. अमेरिकेत २००८ साली राज्याराज्यांत एक करार सुरू झाला आणि २०१४ पर्यंत सगळी ५० राज्यं त्यात आली. तो फक्त सैनिकांच्या शाळकरी मुलांसाठी आहे. बदली झालेल्या मुलाचा प्रवेश, गुण, विषय अडू नयेत असं त्यात आहे. आणि आई किंवा वडील युद्धक्षेत्रातून रजेवर आले असतील किंवा नुकते परतले असतील, तर शाळेनं मुलाला जादा रजा देता येईल, असंही एक कलम त्यात आहे. इंग्लंडमध्ये २०११ पासून सैनिकांच्या मुलांसाठी शाळेला दर मुलामागं वर्षाला निधी मिळतो, आता तो ३०० पौंडांहून थोडा जास्त आहे. तो घरच्यांच्या हातात देत नाहीत. मुलाकडं लक्ष द्यायला, त्याच्याशी बोलायला शाळेनं माणूस नेमावा म्हणून तो शाळेला देतात. रक्कम मोठी नाही. पण त्यामुळं शाळेला ही मुलं कोण आहेत ते मोजावं लागतं, आणि माझ्या मते खरा फायदा त्या मोजण्याचाच आहे.

कुणी म्हणेल, बाप लांब असलेली पोरं काय फक्त मिल्ट्रीवाल्यांची आहेत? कुणाचा बाप गोव्यात हॉटेलात आहे, कुणाचा दुबईत, कुणाचा ट्रकवर. खरं आहे. त्यांनाही सवलत द्या, माझी हरकत नाही. पण दोन फरक आहेत. गोव्यातला बाप कामावरून फोन करतो आणि शनिवारी रात्रीची बस पकडू शकतो. जवानाला ते स्वातंत्र्य नसतं. आणि दुसरा फरक बोलायला अवघड आहे. आमच्या घरात अनोळखी नंबरवरून फोन आला की आई तो लगेच उचलत नाही.

दुसरा आक्षेप आमच्यातूनच येतो. "फौजीची पोरगी, रडायचं न्हाई." आम्हाला दया नको असते, म्हणून आम्ही गप्प बसतो. पण हजेरीची सवलत म्हणजे दया नाही, आणि स्टेजवर बोलावून टाळ्या वाजवणं म्हणजे मदत नाही. आम्हाला दोन्हीच्या मधलं काहीतरी हवं आहे.

ते काय, हे तीन मुद्द्यांत सांगते.

एक, प्रवेश अर्जात साधा रकाना घाला: पालक सैन्यदलात आहेत का, नोकरीत की निवृत्त. उत्तर देणं ऐच्छिक ठेवा. पलटणीचं नाव किंवा पोस्टिंगचं ठिकाण विचारू नका, त्याची गरजही नाही.

दोन, वडिलांच्या रजेच्या पासाची प्रत दाखवली तर सत्रात दहा दिवसांपर्यंत हजेरीत सूट द्या आणि बुडालेली अंतर्गत परीक्षा नंतर घ्या. पालक सभेला आईची किंवा आजोबांची सही चालवा.

तीन, एक शिक्षक नेमा, ज्यांच्याकडं ही यादी आणि फॉर्मची माहिती असेल. आपल्याकडं ही अडचण सीमाभागामुळं दुप्पट आहे. खानापूरच्या मुलीला बेळगावातल्या सैनिक कल्याण खात्याकडं जायचं असतं. पण शेजारच्या बाकावरच्या चंदगडच्या मुलाला महाराष्ट्राचं कार्यालय, म्हणजे कोल्हापूर गाठावं लागतं. बेळगाव त्याला जवळ, पण कागद तिकडचे. कुणाला कुठं जायचं आणि कुठला दाखला लागतो हे एका माणसाला नीट माहीत असलं तरी बसचे दोन हेलपाटे वाचतील. त्याच शिक्षकांनी टेलिमानसचा १४४१६ हा नंबरही फळ्यावर लिहून ठेवावा. डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या एएफएमसीत त्याचा खास कक्ष सुरू झाला, हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं.

आणि आपल्या वाङ्मय मंडळालाही एक काम आहे. केंद्रीय विद्यालयातून आलेली पोरं घरी मराठी बोलतात, पण त्यांना मराठी लिहिता येत नाही. जोडाक्षर आलं की हात थांबतो. मी आठवीत गावच्या शाळेत आले तेव्हा माझी हीच गत होती, आणि एका बाईंनी मधल्या सुट्टीत बसवून घेतलं म्हणून आज हे लिहिते आहे. आठवड्यातून एक तास अशा मुलांना लिहायला बसवलं, तर मंडळाला वर्गणीदार मिळतील आणि कुणाच्या तरी बाबांना, रेंज नसलेल्या ठिकाणी, मराठीत लिहिलेलं पत्र मिळेल.

नव्या वर्षाचे प्रवेश अर्ज लवकरच छापायला जातील. रकाना एका ओळीचा आहे. तेवढी ओळ घाला, बाकीचं आम्ही सांगू.