दप्तराची राखण

जामनेर तालुक्यांतील शेतकऱ्यास कपाशीसाठीं पीककर्ज हवें असलें कीं सातबाऱ्याचा उतारा लागतो. पूर्वीं त्यासाठीं तलाठ्याचें दप्तर उघडावें लागे. आतां तोच उतारा डिजिटल स्वाक्षरीसह संगणकांतून निघतो. ही सोय मोठी आहे, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. परंतु दप्तर संगणकांत गेलें म्हणून त्याची राखण संपली नाहीं. पेरणीच्या तोंडावर तें चार दिवस बंद पडलें तर कर्ज अडेल, आणि पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं.

पूर्वींचा चोर दप्तर पळवी. हल्लींचा चोर तें जागच्या जागीं ठेवून त्यास आपलें कुलूप लावतो व किल्लीसाठीं खंडणी मागतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर मार्च २०२१ मध्यें असाच प्रसंग आला व त्याच्या कचेऱ्यांचें काम खोळंबलें. तथापि जाळ्याच्या निराळ्या भागांत ठेविलेल्या नकलांस बाधा पोहोंचली नाहीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर असेच अडले. तेथें रोग्यांच्या नोंदी कित्येक दिवस हातानें लिहाव्या लागल्या.

यांतून निघणारा बोध अगदीं घरगुती आहे. शहाणें कुटुंब खरेदीखताची नक्कल मूळ खताच्याच पेटींत ठेवीत नाहीं, आणि तिजोरीची किल्ली येईल त्याच्या हातीं देत नाहीं. चोराच्या युक्त्या दरसाल पालटतात. परंतु आंत शिरण्याची वाट बहुधा जुनीच असते: फसवें पत्र, वेळेवर न सुधारलेली प्रणाली, किंवा दुसऱ्यास सांगितलेला परवलीचा शब्द.

हल्ला लक्षांत येतांच ६ तासांच्या आंत कळवावा, असा आदेश केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेनें एप्रिल २०२२ मध्यें काढला. आदेश योग्यच आहे. परंतु चूक कबूल करणाऱ्या कारकुनास वरिष्ठांनीं गुन्हेगार ठरविलें नाहीं, तरच तो मनापासून पाळला जाईल.

आमच्या वाचकांच्या कुटुंबांत सरकारी नोकरींतलें एखादें माणूस बहुधा असतेंच. घाईच्या वेळीं आपला परवलीचा शब्द मदतनिसाच्या स्वाधीन करणें म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणें होय. सही आपली, पण जमीन मात्र दुसऱ्याची जाते. ही गोष्ट वडील मंडळींनीं रात्रींच्या पंगतींत एकदां अवश्य काढावी, अशी आमची सूचना आहे.