विजेला जमिनीची वाट

वीज ही आज महाळुंग्यांतील घराघरांची सेविका झाली आहे. परंतु सेवकाचें सामर्थ्य ओळखून त्यास वागविणें हें धन्याचें कर्तव्य होय, याचा आपणांस विसर पडतो. चाकणच्या औद्योगिक वसाहतींत मोठें यंत्र बसवितांना अर्थिंगचा विचार आधीं होतो. घर बांधतांना आपण मात्र फरशीचा रंग आधीं पाहतों आणि अर्थिंग शेवटीं. हा क्रम बदलला पाहिजे.

घरांत येणारा विजेचा दाब 230 व्होल्टचा असतो. जवळपास वीज कोसळली, किंवा मोठी मोटर एकाएकीं बंद झाली, म्हणजे तारांतून वाढीव दाबाची लाट धांवते. विजेमुळें उठलेली लाट हजारों व्होल्टची असूं शकते. संरक्षक साधनांच्या परीक्षेसाठीं जी नमुन्याची लाट ठरलेली आहे, ती 1.2 मायक्रोसेकंदांत शिखर गांठते व 50 मायक्रोसेकंदांत निम्म्यावर उतरते. इतक्या अवधींत फ्यूज वितळत नाहीं. तेव्हां, ‘फ्यूज आहे, मग भय कसलें?’ हा समज खोटा आहे.

उपकेंद्रांत या कामीं लाइटनिंग अरेस्टर उभे असतात. त्यांतील झिंक ऑक्साइडच्या चकत्या नेहमींच्या दाबास जवळजवळ वाट देत नाहींत. दाब मर्यादेबाहेर चढतांच लाट जमिनींत सोडतात आणि तो उतरतांच वाट पुन्हां बंद करतात. याचेंच लहान रूप, सर्ज प्रोटेक्टर, घराच्या बोर्डांत बसवितां येतें. परंतु जमिनीची वाटच नीट नसेल, तर त्यानें लाट सोडावी कोठें?

आपल्याकडील अडचण येथेंच आहे. आपली भूमि मुरमाची व काळ्या पाषाणाची. चैत्र-वैशाखांत ती कोरडी पडते, आणि कोरडी जमीन वीज सहजीं स्वीकारीत नाहीं. वळवाच्या विजा कडाडतात त्या नेमक्या याच दिवसांत! म्हणून उन्हाळा लागतांच अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालावें व जाणकार तारतंत्र्याकडून त्याचें माप घ्यावें.

कोणी म्हणेल, वीज दैवाधीन आहे. युरोपांत एके काळीं वादळांत चर्चची घंटा वाजविली म्हणजे वीज टळते असें लोक मानीत, आणि घंटा वाजविणारेच कित्येकदां प्राणांस मुकत. पुढें बेंजामिन फ्रँकलिननें 1752 सालीं वीज आणि विद्युत् एकच असल्याचें दाखविलें, व त्याच मनोऱ्यांवर धातूच्या शलाका बसल्या. श्रद्धेस बाधा आली नाहीं. मनोरे मात्र वाचले.

प्रत्यक्ष घरावरच वीज पडल्यास केवळ सर्ज प्रोटेक्टर पुरा पडणार नाहीं, हेंहि ध्यानांत असावें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचें ‘दामिनी’ ॲप सूचना देतांच घरांत यावें. आणि गडगडाट जवळ येण्यापूर्वींच उपकरणांचे प्लग काढावे.

विद्यार्थिमित्रहो, या सुटींत वडिलांस एकच प्रश्न विचारा: आपल्या घराचें अर्थिंग कोठें आहे? पालकांस उत्तर देतां आलें नाहीं, तर दोघांनीं मिळून तें शोधावें. त्यावर घातलेली पाण्याची घागर वायां जाणार नाहीं.