गाडीची दुसरी किल्ली

मुलगी किंवा सून एकटी गाडी घेऊन निघाली, की घरच्यांचा जीव थोडा वर-खाली होतोच. पोचली असेल ना, वाटेत गाडी बंद तर पडली नसेल? इंटरनेटला जोडलेल्या नव्या गाड्यांनी ही काळजी बरीच हलकी केली आहे. गाडी कुठे आहे, दार लागलंय का, हे घरबसल्या मोबाइलवर दिसतं. उन्हात तापलेल्या गाडीचा एसी आधीच सुरू करता येतो. आतलं सॉफ्टवेअरही गॅरेजमध्ये न जाता दुरूनच सुधारतं. आपल्याकडे २०१९ मध्ये एमजी हेक्टर आणि ह्युंदाई व्हेन्यू आल्या, तेव्हा त्यांची जाहिरातच इंटरनेटच्या जोरावर झाली होती.

सोय आहे, यात वादच नाही. २०१७ साली फ्लोरिडात इर्मा चक्रीवादळ आलं, तेव्हा टेस्लानं काही गाड्यांच्या बॅटरीची राखून ठेवलेली क्षमता दुरूनच खुली केली आणि त्या जास्त लांब जाऊ शकल्या. छानच झालं. पण दारात उभी असलेली आपली गाडी कंपनी दुरून बदलू शकते, हेही तेव्हा कळलं.

गाडी माहिती घेते, तशी बाहेर देतेही. ब्रेक किती जोरात दाबला, वेग किती होता, ही जनरल मोटर्सच्या ग्राहकांची माहिती विमा कंपन्यांपर्यंत पोचत होती, हे 'न्यूयॉर्क टाइम्स'नं २०२४ मध्ये उघड केलं. काहींचा हप्ता त्यामुळे वाढला होता. त्याआधी २०२३ मध्ये मोझिला या संस्थेनं २५ मोटार ब्रँड तपासले. खासगीपणाच्या परीक्षेत एकही पास झाला नाही!

कंपनी तरी दूरची. ही माहिती घरातच कुणी आपल्याविरुद्ध वापरली तर? अमेरिकेत घटस्फोटाच्या वाटेवरच्या एका बाईचा नवरा गाडीच्या अ‍ॅपवरून तिच्या मागावर होता. गाडी तीच वापरत होती, हप्ते तीच भरत होती, कोर्टाचा मनाईहुकूमही तिच्या हातात होता. कंपनीचं उत्तर काय, तर आमचा ग्राहक तुमचा नवरा! अशा तक्रारींनंतर कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदा केला. पीडित व्यक्तीनं रीतसर अर्ज दिला, की दोन कामकाजाच्या दिवसांत कंपनीनं त्या माणसाचा गाडीशी असलेला संबंध तोडायचा.

आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. पण एखाद्यानं घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागूच होत नाही. आणि आपल्याकडे गाडी बहुतेक वेळा नवऱ्याच्या, सासऱ्यांच्या किंवा मुलाच्या नावावर असते. चालवणारी ती, पण अ‍ॅप दुसऱ्याच्या फोनमध्ये. काळजी म्हणून केलेली विचारपूस 'बँकेत गेली होतीस, मग गाडी माहेरच्या गल्लीत कशी?' इथवर कधी येते, ते कळतही नाही.

म्हणून, मैत्रिणींनो, गाडीचा ताबा घेतानाच शोरूममध्ये विचारा : अ‍ॅप कुणाच्या नावावर, कुणाकुणाला गाडी दिसणार, बंद कसं करायचं? जुनी गाडी घेत असाल, तर आधीच्या मालकाचं खातं काढून घ्या. अपडेट मात्र टाळू नका, गाडीच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यातूनच येतात. आणि घरात धाक असेल, तर कुणाचं नाव परस्पर काढण्याआधी विश्वासातल्या माणसाशी किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला. अचानक संबंध तुटल्यावर समोरचा चिडूही शकतो.

घरच्यांनी काळजी जरूर करावी. पण गाडी कुणाकुणाला दिसते, हे ती चालवणारीला माहीत हवं आणि तिला ते मान्यही हवं. तिच्या पर्समध्ये एक किल्ली असते. दुसरी कुणाच्या फोनमध्ये आहे, हे तिनं विचारलं तर त्यात कुणाला राग यायचं कारण काय?