तेरा दिवस आणि बाकीचं आयुष्य

आमचे तात्या गेले तेव्हा लोहाऱ्यात जो तो बांगलादेशच्या लढाईबद्दल बोलत होता. चौकातल्या फलकावर, शोकसभेत, व्हॉट्सॲपवरच्या श्रद्धांजलीत सगळीकडे गणवेशातला तो एकच फोटो. त्यात खोटं काही नाही. पण ती लढाई ३ डिसेंबर १९७१ ला सुरू झाली आणि १६ डिसेंबरला संपली. तेरा दिवस. त्यानंतर माणूस पन्नास वर्षांवर जगला, त्याचं कुणाला काही सांगायचं नव्हतं.

तात्या, म्हणजे माझे चुलते, पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. जंगी पलटण. या पलटणीनं ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागं जाऊन ढाक्याकडं जाणारा रस्ता अडवला होता. ब्रिगेडियर क्लेर यांनी आत अडकलेल्या पाकिस्तानी तुकडीला शरण येण्याचं पत्र धाडलं. तिच्या प्रमुखानं, कर्नल सुलतान अहमदनं, उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मग १० डिसेंबरच्या रात्री ती तुकडी वेढा फोडायला निघाली आणि थेट जंगी पलटणीच्या मशीनगनपुढं आली. सकाळी जमालपूर पडलं. हे सगळं मला पुस्तकांतून कळलं. तात्यांना विचारलं की ते म्हणायचे, "थंडी लई व्हती. अन् बूट वले." पुढं काही नाही.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल मात्र ते तासभर बोलत. ढाका जिंकून आलेला हा शिपाई पुढच्याच वर्षी सुट्टीवर गावी आला, तर घराला कुलूप. आई कुठं आहे म्हणून विचारलं तेव्हा शेजाऱ्यानं दुष्काळी कामाकडं बोट दाखवलं. माझी आजी उन्हात बसून खडी फोडत होती. तात्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दुसरा हातोडा उचलला. मुकादम म्हणाला, तुम्ही सरकारी नोकर, तुमचं नाव हजेरीपटावर चढणार नाही. मग सुट्टी संपेपर्यंत तात्यांनी फोडलेली खडी आजीच्या मापात पडत राहिली. आजीची मजुरी वाढली याचा त्यांना जेवढा अभिमान होता, तेवढा पदकांचा नव्हता. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी यांना मात्र त्यांनी शेवटपर्यंत शिव्या दिल्या. "फौजेतलं डबाबंद बरं," म्हणायचे.

निवृत्त होऊन ते शेतीला लागले होते, तेव्हा ३० सप्टेंबर १९९३ ची ती भूकंपाची पहाट आली. तीन वाजून छप्पन्न मिनिटं. सास्तूर आमच्याच तालुक्यातलं. तिथली जुनी घरं दगड-मातीच्या जाडजूड भिंतींची, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती माती माणसांच्या अंगावर बसली. तात्या ट्रॅक्टरमधून टिकाव-फावडी घेऊन गेले ते परतले चौथ्या दिवशी, पावसात भिजलेले, नखं फुटलेली. मधल्या काळात लष्कर आलं होतं, आणि तात्या न सांगता जवानांच्या रांगेत जाऊन उभे राहिले होते. घरी आल्यावर काकूला एवढंच म्हणाले, "तिकडं लढाईत मेलेले वळखीचे नव्हते." पुढं कितीतरी वर्षं ते पत्र्याखालीच झोपले. घर सिमेंटचं झालं तरी.

आजार सुरू झाला तो उजव्या हातापासून. अंगठा आणि तर्जनी आपोआप हलायची, विडी वळावी तशी. मग सही बारीक व्हायला लागली. आम्हाला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. बँकेतल्या बाबूनं नमुन्याशी सही जुळत नाही म्हणून पैसे अडवले, तेव्हा सोलापूरला डॉक्टरांकडं गेलो. कंपवात. अक्षर आकसत जाणं हे या आजाराचंच लक्षण, हे तिथं कळलं.

भेटायला येणारा प्रत्येक जण हळूच विचारायचा, "गोळी राहिलीय का आत?" लोकांच्या डोक्यात सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर असणार. १९६५ च्या लढाईत जायबंदी होऊन कमरेखाली अधू झाले, व्यायाम म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. आमच्या तात्यांच्या अंगात गोळी नव्हती. खरं सांगू, ती असती तर बरं, असं मलाही एकदा वाटून गेलं. आजाराला काहीतरी कारण तरी सापडलं असतं. डॉक्टरांनी लढाईबद्दल चकार शब्द विचारला नाही. त्यांनी विचारलं, "फवारणी कोण करायचं?" तात्याच करायचे. तुरीवरचं औषध बॅरलमध्ये उघड्या हातानं ढवळायचे, नाकाला साधा रुमाल नाही. काही कीटकनाशकांचा या आजाराशी संबंध अभ्यासांत दिसला आहे. पण एका माणसाला तो नेमका कशानं झाला, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही.

या आजारावरची लेव्होडोपाची गोळी घड्याळावर चालते. वेळ टळली की माणूस उंबरठ्यात खिळतो, पाय उचलत नाही. डाळ-दुधासोबत घेतली तर नीट लागू पडत नाही. काकूचं शिक्षण चौथी. तिनं भिंतीवर कोळशानं वेळा लिहिल्या आणि बारा वर्षं पाळल्या. कुणीतरी खाजकुयलीचं चूर्ण आणून दिलं. तिच्या बियांत हेच द्रव्य असतं, त्यामुळं तो सल्ला काही अडाण्याचा नव्हता. पण गोळीवर चूर्ण म्हणजे दुहेरी मात्रा, असं डॉक्टरांनी बजावल्यावर काकूनं ती पुडी उकिरड्यावर टाकली. माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेच्या कार्डावर औषधं मिळायची. मिळायची नाही ती रात्रीची झोप. कूस बदलायलासुद्धा तात्यांना तिला उठवावं लागे.

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. यंत्रावर बोट ठरायचं नाही. काकू दोन्ही हातांनी त्यांचं मनगट दाबून धरायची, आणि तात्या पुटपुटायचे, "जित्ता हाय म्हणून सांग त्येला." शेवटच्या दोन वर्षांत चेहऱ्यावरचे भाव गेले होते. ते हसतात की नाही, हे आवाजावरून ओळखावं लागे.

१६ डिसेंबरला शाळेनं काकूला बोलावलं, विजय दिवसानिमित्त तात्यांच्या आठवणी सांगायला. ती गेली नाही. "लढाईचं मला काय ठावं? मी तवा लग्न होऊन आलेसुदीक नव्हते." गोळ्यांच्या वेळा विचारल्या असत्या, तर ती मुलांसमोर तासभर बोलली असती.

सध्या तिचं निवृत्तिवेतन अडलंय. फौजेच्या कागदावर तिचं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. प्रतिज्ञापत्र झालं, फोटो झाले, मंगळवारी धाराशिवला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचंय. मी गाडी काढतो म्हणालो, तर ती म्हणाली, "एसटीनं जाऊ की. माझं तिकीट अर्धं हाय."